जॅकवरचं घर आणि बुजवलेला आड

शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम जॅकचा दांडा पाव फेरा फिरवायचा आणि हात काढून उभं राहायचं. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाव फेरा. जळोचीतलं मिलिंद सोनवणे यांचं घर असं थोडं थोडं वर येत होतं. त्या दिवशी चहानंतर काम सुरू झालं आणि मागच्या कोपऱ्यातल्या माणसाने हात वर केला. त्याचा जॅक फिरत होता, पण भिंत वर जात नव्हती. जॅकच खाली चालला होता.

मी काम थांबवायला सांगितलं. घर तेव्हा जमिनीपासून दीडेक फूट वर होतं आणि आत माणसं राहत होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर दिसतं कसं हे आर्किटेक्ट बघतो, ते उभं कसं राहील हे मी बघते. बारामती आणि इंदापूर तालुक्यात माझी कामं असतात. बहुतेक वेळा नवीन बांधकामाचे कॉलम-बीम. घर उचलण्याचं काम आमच्याकडे क्वचित येतं, म्हणून आधी ते काय असतं हे सांगते. घराच्या भिंतींच्या बाजूने चर खणायचा. पायाच्या वर, भिंतीच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर विटा काढून लोखंडी चॅनल सरकवायचे आणि त्यांच्याखाली जॅक लावायचे. ट्रकचं चाक बदलताना लावतात तसेच, फक्त खूप. मग भिंत पायापासून मोकळी करायची. सगळं घर जॅकवर आलं की ते एकसारखं वर न्यायचं, आणि खाली तयार झालेल्या जागेत नवीन वीटकाम करून जॅक एकेक करून काढून घ्यायचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण नीट केलं तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलत नाही.

सोनवण्यांना हे करावं लागलं, कारण समोरचा रस्ता दर काही वर्षांनी नव्या थराने उंच होत गेला आणि घर होतं तिथंच राहिलं. पावसाळ्यात रस्त्याचं आणि गटाराचं पाणी उंबरा ओलांडून आत यायचं. आदल्या वर्षी मिलिंदची आई, सुमनताई, त्या पाण्यात घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या निवृत्त आरोग्यसेविका. आयुष्यभर गावोगाव फिरून दुसऱ्यांच्या बाळंतपणाला धावल्या आणि स्वतःच्या घरात पडल्या, याचा त्यांना राग होता. मिलिंद एका दूध प्लांटमध्ये शिफ्टला आणि त्याची बायको वैशाली शाळेत शिक्षिका. त्यांची मुलगी मे महिन्यासाठी निरवांगीला आजोळी पाठवली होती. बाकी तिघं घरातच राहिली. ठेकेदारच म्हणाला होता, राहिलात तरी चालेल.

चालेल म्हणणं सोपं असतं. संडासाचा पाइप कापलेला, म्हणून अंगणात पत्र्याचा तात्पुरता संडास. अंघोळ ताडपत्रीच्या आडोशाला. स्वयंपाकघर हॉलमध्ये आलेलं, गव्हाचे डबे टीव्हीखाली. घर वर जाईल तशी दारासमोर विटांची एकेक पायरी वाढायची. वैशाली उन्हाळी वर्गाला जाताना साडी सावरत त्या डगमगत्या पायऱ्या उतरायची आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मिलिंद रात्रपाळी करून दुपारी झोपायचा, तेव्हा त्याच्या खाली घर वर चाललेलं असायचं. एकदा आत कुकरची शिट्टी झाली आणि बाहेर एका नव्या कामगाराने दांडा फिरवला. तेव्हापासून काम चालू असताना कुकर लावायचा नाही असा नियम केला. सुमनताई पातेल्यात डाळ शिजवायला लागल्या. तक्रार मात्र कुणी करत नव्हतं. यंदा पाणी आत येणार नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी ती तिघं सगळं सोसत होती.

तर, मागचा कोपरा. मी चरात उतरून पाहिलं. जॅकखालची लोखंडी पाटी मातीत तिरकी रुतली होती. वर पाहिलं तर भिंतीत जिन्यासारखी चढत गेलेली भेग. ही भेग मूळ घर आणि मागची खोली यांच्या सांध्यावर होती. ती खोली घराला नंतर जोडलेली, सुमनताईंची झोपायची. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून लेव्हल तपासली. बाकीचं घर एका रेषेत होतं, खोलीचा कोपरा बोटभर खाली.

ठेकेदाराचा फोरमन हरियाणाचा होता. हुशार माणूस, पण घाई फार. त्याचं म्हणणं होतं की पाटीखाली लाकडी फळ्या घालू, दोन जॅक वाढवू आणि पुढे जाऊ.

मी विचारलं, "फळी कशावर टेकणार?"

"मिट्टी पे, मॅडम जी."

"आणि माती कशावर टेकलीय?"

मी त्याला तिथं कुदळ मारायला सांगितली. जळोचीत वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. मुरूम म्हणजे आमचा भरवशाचा माणूस. बाकी सगळ्या बाजूंना तो वेळेवर लागला होता. इथं मात्र कौलांचे तुकडे निघाले, राख, विटांचा चुरा, एक फुटकं मडकं आणि पुन्हा भुसभुशीत माती. थोडं बाजूला खणल्यावर घडीव दगड लागले. दगडांची ओळ सरळ नव्हती. ती गोल वळत खोलीच्या खाली गेली होती.

मला कळलं. खोलीखाली आड होता, आणि कुणीतरी तो बुजवून वर खोली बांधली होती.

मग इतकी वर्षं खोली कशी टिकली, हे मिलिंदने लगेच विचारलं. ओल्या मातीत आपण आडवे झोपलो तर रुतत नाही, टाचेवर उभे राहिलो तर रुततो. जुना पाया सलग होता, तो वजन पसरवत होता. आम्ही खोलीला जॅकवर घेतलं आणि तिला टाचेवर उभं केलं.

काम घेण्याआधी मी याच हॉलमध्ये बसून विचारलं होतं, घराखाली कुठं विहीर, जुना शोषखड्डा, धान्याचं पेव असं काही आहे का. मिलिंद नाही म्हणाला होता, आणि ते त्याच्या माहितीप्रमाणे खरंच होतं. आड बुजवला तेव्हा तो रांगत होता. सुमनताई त्या वेळी शेजारीच बसून शेंगा सोलत होत्या. त्या काही बोलल्या नव्हत्या.

मी मागची खोली रिकामी करायला लावली. सांध्याला आणि स्लॅबला लोखंडी टेकू दिले. तिघांना मी दुसरीकडे जायला सांगितलं. मिलिंद तयार होता, त्याच्या मित्राची खोली रिकामी होती. सुमनताई जाईनात. शेवटी असं ठरलं की फक्त पुढच्या हॉलमध्ये राहायचं, कारण ती बाजू पक्क्या मुरमावर होती, आणि मी सकाळ-संध्याकाळ लेव्हल बघायची. वैशाली मला गेटपर्यंत सोडायला आली. ती म्हणाली, "मॅडम, घर वर तरी न्या नाहीतर खाली तरी आणा. असं मधे नका ठेवू."

दुसऱ्या दिवशी मिलिंद बाहेर आणि वैशाली शाळेत असताना सुमनताईंनी मला आत बोलावलं. आधी चहा दिला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

तो आड त्यांच्या सासऱ्यांनी खणलेला. त्या काळी गावच्या पाणवठ्यावर त्यांच्या माणसांना पाण्याला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर ताटकळत बसायचं. सासऱ्यांनी दोन मुलांना हाताशी घेऊन स्वतःच्या जागेत आड खणला आणि दगडांनी बांधला. पुढे सगळं बदललं, नळ आले, आड आटला. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा आड मधोमध आला, अर्धा याच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. सुमनताईंचे यजमान शिक्षक होते. घरात रांगतं मूल आणि दाराशी उघडा आड, त्यांना रात्री झोप लागत नसे. धाकटा भाऊ किसन साखर कारखान्यात फिटर. तो गाळपाच्या हंगामात कारखान्यावरच राहायचा. एका हंगामात तो घरी परतला तेव्हा आड नव्हता. तिथं खोलीच्या भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या.

सुमनताई म्हणाल्या, "किसनतात्यांनी जागेवरनं भांडान केलं न्हाय. अर्धी जागा घ्या म्हनले आसते. पर बापानं खांदलेला आड मला न इचारता बुजवला, हे त्यास्नी सोसलं न्हाय. तवापास्नं बोलनं बंद. हे गेले तवा आले, खांदा दिला आन् अंगूळ करायला आपल्या घरी गेले."

मी विचारलं, पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?

"ह्या घरात त्या आडाचं नाव काढायचं न्हाय, आसं ह्यांनी सांगितलं हुतं. मिलिंदलाबी म्हाईत न्हाय, काका का बोलत न्हाय ते. आन् मला वाटलं, इतकी वरसं झाली, माती बसली आसंल."

मी त्यांना दोष दिला नाही. नवरा गेल्यावरही त्याचा शब्द पाळणारी बाई होती ती. पण माती बसली नव्हती, आणि आता माझ्यापुढचा प्रश्न वेगळा झाला होता. त्या कोपऱ्याला आधार द्यायचा तर आडाच्या तोंडावरून लोखंडी गर्डर आडवे टाकावे लागणार होते. गर्डर म्हणजे जाड लोखंडी तुळई. तिचं एक टोक सोनवण्यांच्या बाजूच्या मुरमावर बसलं असतं. दुसरं टोक आडाच्या पलीकडे, म्हणजे कुंपणभिंतीच्या पलीकडे किसनतात्यांच्या अंगणात. तिथं खड्डा घेऊन काँक्रीट टाकल्याशिवाय काही होणार नव्हतं. खोली पाडायची म्हटली तरी आधी हाच आधार द्यावा लागला असता, कारण सांध्याची भिंत आडाच्या काठावर होती आणि तिच्यावर निम्म्या घराचा स्लॅब होता.

मी हे संध्याकाळी तिघांपुढे सांगितलं. मिलिंदला आडामागची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. तो आईवर चिडला नाही. मग म्हणाला, काका नाही म्हणतील, आणि मी त्यांच्या दारात जाणार नाही. वडील आजारी होते तेव्हा ते आले नव्हते, हे त्याच्या मनातून गेलं नव्हतं. दुसरा काही मार्ग शोधा, असं त्याने मला सांगितलं. मी शोधून पाहिला. पुण्याच्या माझ्या सरांना फोन केला, फोटो पाठवले. त्यांनीही तेच सांगितलं.

दोन दिवस असेच गेले. इंदापूरला एका भंगारवाल्याकडे जुने पण चांगले गर्डर मिळत होते, ते बघून मी ठेवायला सांगितले. फोरमनची माणसं बसून होती आणि तो रोज सकाळी माझ्याकडे बघून हात उडवायचा. दुपारी आभाळ भरून यायचं. माझी खरी भीती तीच होती. चरात पाणी साचलं तर काळी माती लोण्यासारखी होते आणि मग पुढच्या जॅकचाही भरवसा राहत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. मी इंदापूरहून येत होते. जळोचीत पोचले तेव्हा रस्त्यावरून पाणी वाहत होतं. मिलिंद आणि फोरमनची माणसं पुढच्या चरावर ताडपत्री धरून उभी होती. मी मागे पळाले, कारण उतार मागच्या बाजूने होता. किसनतात्यांच्या अंगणातलं सगळं पाणी कुंपणभिंतीखालच्या भोकातून नेमकं आमच्या चरात यायला हवं होतं.

ते येत नव्हतं. मी भिंतीवरून डोकावले. पलीकडे किसनतात्या डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन, धोतर गुडघ्यावर खोचून फावड्याने मातीचा बांध घालत होते. भोक त्यांनी दगड-मातीने बंद केलं होतं आणि पाणी आपल्याच गोठ्याकडे वळवलं होतं. गोठ्यात पाणी शिरलं होतं, म्हैस पाय उचलत होती. त्यांनी मला पाहिलं. ते माती ओढत राहिले.

माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सुमनताई होत्या, भिजलेल्या. त्यांनीही पाहिलं.

पाऊस थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, चला माज्यासंगं. ते तांत्रिक तुमी सांगा. बाकीचं मी बोलते."

मिलिंद पायरीवर उभा होता. त्याने अडवलं नाही, पण आलाही नाही.

किसनतात्या ओसरीवर पाय पुसत होते. सुमनताईंना दारात बघून ते उठून उभे राहिले, पण त्यांनी बोलायला सुरुवात माझ्याशी केली. खड्डा कुठं, किती लांब, किती खोल, सगळं मला विचारलं. फिटर माणूस, गर्डर कुठं टेकणार हे त्यांना लगेच समजलं. सुमनताई पदर पिळत उभ्या होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्या पुढे झाल्या.

"तात्या, तवा तुमाला इचारायला पायजे हुतं. ह्यांनी इचारलं न्हाय, आन् मीबी त्यास्नी थांबवलं न्हाय. आज इचारते."

किसनतात्या भिंतीकडे बघत राहिले. मग मलाच म्हणाले, "मॅडम, खड्डा घ्या. पर माजं येक म्हननं हाय. आड परत बुजवायचा न्हाय. पाच परस, म्हंजी पाच मानसं येकावर येक उबी ऱ्हातील येवडा खोल हाय त्यो. बा खाली खांदत हुता आन् आमी दोगं भाऊ वर पाट्या ओढत हुतो."

मला खरं ते सांगणं भाग होतं. आड मोकळा ठेवायचा तर त्याच्यावर राहती खोली ठेवता येणार नाही. माझी सही मी त्यावर करणार नाही.

"मग खोली काढा," ते म्हणाले.

ती खोली सुमनताईंची होती. तिथं त्यांचा पलंग, त्यांची औषधं, यजमानांचा फोटो. घरात एवढी एकच जागा त्यांची स्वतःची. आणि मी आधी सांगितलं तसं, आधार आधी लागणार होता, खोली नंतर निघणार होती. म्हणजे किसनतात्यांनी आपलं अंगण आधी खणू द्यायचं आणि शब्दावर विश्वास ठेवायचा. ही अडचण मी मांडली.

सुमनताई म्हणाल्या, "काढू खोली."

किसनतात्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "वहिनी म्हनली ना, झालं मग. उद्या सकाळी या खांदायला."

घरी आल्यावर मिलिंद भडकला. काकांनी सूड घेतला, माझ्या आईची खोली घेतली, असं त्याचं म्हणणं. सुमनताईंनी त्याला बोलू दिलं. मग वैशाली मधे बोलली. ती एरवी या घरगुती गोष्टींत पडत नसे. तिने फक्त एवढं म्हटलं की आज दुपारी काकांनी बांध घातला नसता तर आत्ता आपण कुठल्या खोलीबद्दल बोलत असतो. मिलिंद उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीवरून आला तो थेट काकांच्या अंगणात जाऊन खड्ड्यातली माती उचलायला लागला. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. पाटी मात्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होती.

पुढचं काम सरळ झालं. काँक्रीट टाकलं, ते घट्ट होईपर्यंत थांबलो, क्रेनने गर्डर बसवले. सांध्याची भिंत गर्डरवर घेतली. मग खोली वरून खाली, हाताने, एकेक वीट काढत उतरवली. मागच्या बाजूला नवीन भिंत घातली. पुन्हा शिट्टी वाजायला लागली आणि घर ठरलेल्या उंचीला आलं. खाली वीटकाम झालं, जॅक निघाले. फोरमन जाताना सुमनताईंच्या पाया पडला.

आडातला राडारोडा काढायला त्याआधी फोरमनच्या माणसांना बरेच दिवस लागले होते. तळाशी पाणी नव्हतं, उगाच काही चमत्कार सांगत नाही. नुसता ओलसर मुरूम होता. दगडांचं बांधकाम मात्र एका जागीसुद्धा हललेलं नव्हतं. मी दोन्ही घरांच्या छपरांचे पाइप आडात सोडायला सांगितले आणि वर लोखंडी जाळी बसवली. मधली कुंपणभिंत तेवढ्या भागात काढावीच लागली. पावसाळ्यात रस्त्याला पाणी साचलं, पण घरात थेंब आला नाही. छपराचं पाणी आडात गेलं आणि बाजूच्या बोअरवेलला ते हिवाळ्यापर्यंत जाणवलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. घरात एक खोली कमी आहे. सुमनताईंचा पलंग आता हॉलमध्ये खिडकीपाशी असतो आणि टीव्ही चालू असला की त्यांना झोप येत नाही. मिलिंद काकांना "जेवलात का" यापलीकडे फारसं काही विचारत नाही. किसनतात्या अजून त्या घरात जेवलेले नाहीत. सकाळी ते जाळीवरचा पालापाचोळा काढतात, तेव्हा सुमनताई त्यांना चहा देतात. तो ते उभ्यानेच पितात. मी मागच्या महिन्यात भेगा तपासायला गेले होते, तेव्हा पाहिलं. भेग एकही नव्हती.

या कामाने माझी एक पद्धत बदलली. जुन्या घराचं काम आलं की घराखाली काय आहे हे मी घरच्यांना विचारतेच, पण त्यावर थांबत नाही. शेजारी जाऊन विचारते. घरचे विसरतात, लपवतात किंवा त्यांना माहीतच नसतं. शेजाऱ्याला सगळं ठाऊक असतं. आणि त्याचं या घराशी भांडण असेल, तर तो जागा बोटाने दाखवतो.